चित्रलेखाचा तिसरा बॉक्स

सिडनीच्या स्कोफिल्ड्समधल्या त्या नव्या वसाहतीत चित्रलेखा नवाथेला पुष्कळ लोक 'किचनवाली' म्हणून ओळखायचे. आसपासच्या निदान आठ-दहा घरांतल्या ओट्याखालची कपाटं तिच्या हातून कापली गेली होती. ती कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवायची, म्हणजे कॉम्प्युटरला मापं द्यायची आणि तो लाकडाचा आठ फुटी तक्ता बिनचूक कापायचा. २००८ साली चिंचवडहून इंटिरियर डिझाइन शिकायला म्हणून आली, हॅरिस पार्कच्या एका फ्लॅटमध्ये चार मुलींबरोबर राहिली, आणि कोर्स अर्धा होईतो तिच्या लक्षात आलं की आपल्याला ड्रॉइंगपेक्षा वर्कशॉपमधल्या भुशाचा वास जास्त आवडतो. पुढे पर्मनंट रेसिडेन्सी, विनयशी लग्न, रुचाचा जन्म, घर, हे सगळं रांगेने झालं, पण भुशाचा वास सुटला नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी विनयने नवा सबवूफर, म्हणजे खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, घेऊ या म्हटलं तेव्हा तिने त्याला वेड्यातच काढलं.

"अरे, सबवूफर म्हणजे काय? एक स्पीकर आणि एक खोकं. मी दिवसाला साठ खोकी कापते. विकत कसलं आणतोस?"

खरं तर सबवूफरची गरज तिलाच होती. लहानपणी ती सहा वर्षं तबला शिकली होती, क्लासमधली एकटी मुलगी. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की जो घुमारा निघतो त्याच्यावर तिचा जीव होता. आणि हल्ली घरातल्या स्पीकरवर तबला लावला की नुसती टिकटिक ऐकू यायची, तबल्याच्या कडेवरचं, चाटीवरचं बोट तेवढं कळायचं. डग्गा जणू कोणी पुसून टाकला होता. स्पीकर लहान आहेत, तिने ठरवलं. यांना खर्ज झेपत नाही.

ब्लॅकटाउनच्या एका माणसाकडून तिने गाडीतला बारा इंची जुना स्पीकर आणला आणि जूनच्या थंडीत गॅरेजमध्ये पहिला बॉक्स बनवला. चारी बाजूंनी बंद, अठरा मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, कोपऱ्यात सांधा दिसणार नाही असा. लावून बघितला. पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण घुमारा नाही. तिने नेटवर वाचलं. बॉक्स लहान असला की आतली हवा स्पीकरला मोकळेपणी हलू देत नाही. बरोबर, हेच असणार.

दुसरा बॉक्स जवळजवळ दुप्पट मोठा झाला. त्याला पुढून हवा आत-बाहेर जायला एक प्लास्टिकची रुंद नळी बसवली, तिची लांबी हिशोब करून कापली. तरी तेच. मग तिने सांध्यांवर संशय घेतला. बॉक्समधून कुठे बारीकशी हवा निसटत असली तरी बेस मरतो, असं तिने वाचलं होतं. तिने देवघरातली उदबत्ती पेटवून आणली आणि स्पीकर चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात राहिला. कुठेही फिस्कटला नाही. तिच्या हातचं काम होतं, फिस्कटणार कसं?

तिसऱ्या बॉक्सला तिने पंचवीस मिलिमीटरचा एमडीएफ वापरला, आत आडव्या पट्ट्या मारून भिंती ताठ केल्या, नळी आणखी लांब केली. तो इतका जड झाला की गॅरेजमधून हॉलमध्ये न्यायला ट्रॉली लागली. ऑगस्टच्या एका रविवारी दुपारी तो कोपऱ्यात बसला. चित्रलेखाने तबल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाजाचं बटण फिरवत फिरवत शेवटाच्या जवळ नेलं.

रुचा वरच्या मजल्यावरून कानांवर हात ठेवून खाली आली. तेरा वर्षांची मुलगी, घरात मराठी बोललं तरी उत्तर इंग्रजीत देणारी. "मॉम! सीरियसली? माय डेस्क इज मूव्हिंग!"

"काय?"

रुचाने हात झटकले आणि परत वर गेली.

शेजारच्या घरातला हरप्रीत त्याआधीच्या आठवड्यात दारात येऊन हसत हसत सांगून गेला होता, "भाभीजी, हमारी प्लेटें नाच रही हैं।" तिला वाटलं, कौतुक करतोय. पंजाबी माणूस, बेसची आवड असणारच.

एक स्क्रू नीट बसला नसावा म्हणून ती बॉक्समागे गुडघ्यांवर बसली. मागचा पॅनल घट्ट करायला दोन्ही हात खाली घालावे लागले, तोल जाऊ नये म्हणून तिने हनुवटी बॉक्सच्या कडेवर टेकवली. आणि डग्गा आला.

स्क्रूड्रायव्हर तिच्या हातातून पडला. तो घुमारा डोक्याच्या आत होता, दातांत, कवटीत, गोल आणि लांब. तिने दचकून मान वर केली. घुमारा गेला. परत टिकटिक. तिने पुन्हा हनुवटी टेकवली, आला. उचलली, गेला. टेकवली. उचलली. पाच-सहा वेळा तिने हे करून बघितलं.

"विनय!" ती ओरडली. "विनय, इकडे ये!"

विनय कपडे धुण्याच्या खोलीतून कपडे हातात घेऊनच आला.

"तुला आत्ता कसं ऐकू येतंय? इथे उभा राहून?"

"कसं म्हणजे?"

"डग्गा. डग्गा ऐकू येतोय का?"

वाकून त्याने आधी आवाज कमी केला. "चित्रा, खिडक्या थरथरतायत. दोन महिने थरथरतायत. डग्ग्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. चार वेळा सांगितलं." त्याने कपड्यांचा गठ्ठा सोफ्यावर ठेवला. "मला वाटलं, तू मुद्दाम लक्ष देत नाहीयेस."

चित्रलेखा जमिनीवरच बसून राहिली. चार वेळा. हा माणूस चार वेळा आपल्याशी बोलला आणि आपल्यापर्यंत काहीच आलं नाही. बॉक्समध्ये काही खोट नव्हती. पहिल्यातही नव्हती.

पुढच्या दहा दिवसांत ती जे जे आठवत गेली त्याने तिची झोप उडाली. ट्रेनमधल्या घोषणा कळत नाहीत हे ती इथल्या उच्चारांवर ढकलत आली होती. हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं सगळ्या मैत्रिणी म्हणायच्या, तीही म्हणायची. फोन डाव्या कानाला लावायचा सोडून ती कधी उजव्याकडे वळली, आठवत नव्हतं. कारखान्यात मात्र काही अडायचं नाही, कारण तिथे मशीनच्या आवाजात सगळे ओरडूनच बोलतात.

कान तपासणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. तिने चित्रलेखाला एका छोट्या जाड दाराच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक लहानशी डबी टेकवली आणि तीच परीक्षा परत घेतली. बाहेर आल्यावर तिने स्क्रीन वळवून दाखवली. आलेखावर दोन रेघा होत्या. हाडातून ऐकलेल्याची रेघ वर होती, अगदी ठीकठाक. हवेतून ऐकलेल्याची रेघ बरीच खाली, आणि खर्जाच्या बाजूला तर तळाशी गेलेली.

"तुमचा आतला कान चांगला आहे," ती म्हणाली. "आवाज तिथपर्यंत पोचतच नाहीये. कानात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, शरीरातलं सगळ्यात लहान. ते बहुधा जागच्या जागी घट्ट बसलंय. सर्जनला दाखवू या, ऑपरेशनने सुधारू शकतं." मग तिने विचारलं, "तुम्ही नेहमीच इतक्या हळू बोलता का?"

चित्रलेखा चपापली. सासरी सगळे कौतुक करायचे, किती मृदू बोलते म्हणून.

"या आजारात माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो, म्हणून होतं तसं. बाळंतपणात हा बऱ्याचदा वाढतो. आणि घराण्यात चालत येतो. घरात कोणाला आहे?"

"नाही," चित्रलेखाने लगेच सांगितलं. "कोणालाच नाही."

पार्किंगमध्ये येऊन ती गाडीत बसली, पट्टा लावला, किल्ली फिरवली आणि तशीच थांबली. हळू बोलणारी बाई. जिला हाक मारली तरी ती वळत नाही. जिला सगळी आळी 'शिष्ट' म्हणते, कारण समोरून नमस्कार केला तरच ती ओळख दाखवते. सिडनीहून फोन केला की जी पहिल्या मिनिटात म्हणते, "थांब हं, बाबांशी बोल."

आई.

तिने गाडी बंद केली. सोळा वर्षं ती एक गोष्ट मनाशी धरून बसली होती, की मी घर सोडून आले ते आईला आवडलं नाही, म्हणून तिला माझ्याशी बोलायचंच नसतं. बाबा गेल्यावर तर फोन जवळजवळ संपलेच. सकाळी फुलांचं एखादं चित्र पाठवायची आई व्हॉट्सॲपवर, तेवढंच. एकदा चित्रलेखा फोनवर चिडून किंचाळली होती, "तुला माझं ऐकायचंच नसतं!" पलीकडून आई शांतपणे म्हणाली होती, "हो हो, इकडे सगळं ठीक आहे."

तिने त्याच पार्किंगमधून भावाला फोन लावला. यतिन चिंचवडला आईबरोबरच राहायचा.

"यतिन, आईला ऐकू येतं का?"

"येतं की. म्हणजे... टीव्ही मोठा लावते. वय झालं ना आता."

"वय नाही. आपण लहान असताना. तिला पाठमोरी असताना हाक मारून कधी ओ मिळाली तुला?"

यतिन म्हणाला, "आपण तिचा पदर ओढायचो."

त्या शनिवारी तो आईला तपासायला घेऊन गेला. दोन्ही कानांत फारच थोडं उरलं होतं. ती ओठ बघून बोलणं ओळखत होती, कित्येक वर्षं. यतिनने हे कळवलं तेव्हा चित्रलेखाला रडू आलं, पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. सकाळी फुलांच्या चित्राऐवजी आईचा मोठा मजकूर आला. आईचं म्हणजे वासंतीबाईंचं मराठी शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ होतं.

'चि. चित्रलेखा, यतिनने तुझ्या कानाचं सांगितलं. मला माहीत आहे हा आजार. यतिनच्या वेळी बाळंत झाले तेव्हापासून ऐकू येणं कमी झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की ऑपरेशन होतं, आणि हे मुलांमध्ये येऊ शकतं, मुलीला बाळंतपणात त्रास होईल. माझ्या आईलाही होतं. तुझ्या बाबांना सोडून कोणाला सांगितलं नाही. तुझं लग्न व्हायचं होतं. बहिरी विहीण आणि पुढे बहिरी सून, कोणी केली असती? ऑपरेशन केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. रागावू नकोस. आई.'

चित्रलेखाने तो मजकूर उभ्याउभ्या वाचला आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. जणू त्यातून कोणी बघत होतं.

"तिला माहीत होतं," ती विनयला म्हणाली. "पस्तीस वर्षं माहीत होतं. रुचाच्या वेळी मी तिला फोनवर सांगितलं होतं, कानांना दडे बसल्यासारखं होतं म्हणून. ती म्हणाली, कापूस घाल."

विनयने वाचलं. "वेडेपणा आहे. मी काय लग्न मोडलं असतं?"

"तू नसतं मोडलंस. तुझ्या आईने विचारलं असतं."

तो काहीतरी बोलायला गेला आणि बोलला नाही. ते न बोलणंच तिला सगळ्यात जास्त लागलं. कारण तिच्या आईचा हिशोब चुकला नव्हता. तो चुकीचा होता, क्रूर होता, स्वतःवर आणि मुलीवर, पण चुकला नव्हता.

तीन आठवडे तिने आईला उत्तर दिलं नाही. त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट मात्र केली. रुचाला गाडीत बसवून तपासायला नेलं आणि वाटेतच सगळं सांगितलं, हाड, आजी, पणजी, बाळंतपण, काही न लपवता. तिला भीती होती की मुलगी घाबरेल.

रुचा खिडकीकडून वळली. "सो आय माइट गेट इट?"

"कदाचित. चारात एक शक्यता. म्हणून दर दोन वर्षांनी बघायचं."

"ओके." मग पुन्हा, "वेट. आजी जस्ट... डिडन्ट टेल यू? युअर ओन मॉम?" आणि तिचा चेहरा असा झाला की चित्रलेखाला पुढचा सिग्नल दिसेना.

रुचाचे कान आज तरी चांगले निघाले.

चित्रलेखाच्या डाव्या कानाचं ऑपरेशन ऑक्टोबरच्या अखेरीस झालं. घट्ट बसलेल्या हाडाच्या जागी तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक दट्ट्या बसवला. दहा दिवस कान बोळ्याने बंद होता, उभं राहिलं की खोली फिरायची. बोळा काढला तेव्हा आधी नुसता खळखळाट झाला. मग दवाखान्याच्या वातानुकूलन यंत्राची घरघर आली, खाली रस्त्यावरच्या बसची गुरगुर आली. तिने टेबलाची कड धरली. आणि मागून विनय म्हणाला, "ठीक आहेस ना?"

ती गर्रकन वळली. तिला वाटलं, खोलीत दुसरा कोणी पुरुष आहे. विनयचा आवाज असा खोल होता? चौदा वर्षांच्या संसारात तो पातळ होत गेला होता, इतका हळूहळू की तिला पत्ताच लागला नाही, आणि तिने त्या पातळ आवाजाच्या माणसाशीच संसार केला होता. "परत बोल," ती म्हणाली. "काहीही बोल." तो बिचारा गोंधळून पार्किंगचं तिकीट किती वाजता संपतं ते सांगू लागला, आणि ती नर्ससमोर ढसाढसा रडली.

घरी येऊन तिने तिसरा बॉक्स लावला, बटण ऑगस्टमध्ये नेलं होतं तिथेच नेऊन. पहिली थाप पडली आणि ती खुर्चीतून उठलीच. कपाटातले पेले किणकिणले, भिंत घोंघावली, डग्ग्याच्या जागी नुसता गडगडाट होता. हे आपण दोन महिने शेजाऱ्यांना ऐकवलं! तिने धावत जाऊन बंद केलं. संध्याकाळी घरी केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन ती हरप्रीतच्या दारात गेली आणि त्याला खरं कारण सांगितलं. तो आधी हसायला लागला, मग त्याचं हसू मावळलं.

नंतरच्या रविवारी तिने शांतपणे तिन्ही बॉक्स ओळीने ऐकले. दुसरा सगळ्यात चांगला होता. तिसऱ्यातली नळी फार लांब झाली होती, त्यामुळे एकच खालचा सूर फुगून बाकीचे गिळत होता. तिने दुसरा ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे ओढला, आवाजाचं बटण पाव भागावर आणलं आणि तिसरा बॉक्स करवतीखाली घातला.

जानेवारीत ती एकटीच चिंचवडला गेली. विमानात मनात भांडण जुळवत होती, पण दार उघडणाऱ्या आईच्या कानामागे श्रवणयंत्र दिसलं आणि जुळवलेलं सगळं विस्कटलं. यतिनने हट्टाने लावायला लावलं होतं. ऑपरेशनला आई तयार नव्हती. "या वयात कशाला? आणि हे यंत्र तरी काय, कुकरची शिट्टी म्हणजे बॉम्ब फुटल्यासारखी वाटते."

दोन दिवस दोघी एकमेकींना टाळून काम करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी यतिन कामावर गेला होता. आई मेथी निवडत बसली होती. चित्रलेखा समोर बसली.

"तू मला सांगायला हवं होतंस. लग्नानंतर तरी."

आईने मेथीची काडी मोडली. "हो."

"एवढंच? हो?"

"काय सांगू? रोज ठरवायचे, उद्या सांगीन. मग तुला दिवस गेले. मग वाटलं, नाहीच लागायचं तुला. तू कुठल्याच बाबतीत माझ्यावर गेली नाहीस, यात तरी का जाशील?" ती थांबली. "फोनवर तुझं एक अक्षर कळायचं नाही, चित्रे. नुसता चिवचिवाट यायचा. मी बाबांना द्यायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. ते हसले की मी समजायचे, बरी आहे."

चित्रलेखाचा राग गेला नव्हता. तो तिथेच होता, मेथीच्या जुडीइतका समोर. पण त्याच्या शेजारी आता फोन धरलेले बाबा आणि त्यांचं तोंड बघणारी आई येऊन बसली होती. तिने जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे ओढली.

थोड्या वेळाने आईने विचारलं, जरा संकोचून, जसं एखाद्या पाहुणीला विचारावं, "तू तिकडे नक्की काय काम करतेस गं? बाबा म्हणायचे लाकडाचं काहीतरी. मी शेजाऱ्यांना ऑफिसात आहे म्हणून सांगते."

सोळा वर्षं. चित्रलेखाने खुर्ची जवळ ओढली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी बसली आणि सांगू लागली.

"कारखाना आहे, आई. स्वयंपाकघराची कपाटं बनवतो आम्ही. मी सीएनसी चालवते, म्हणजे आधी—"

"थांब, थांब," आईने ओला हात वर केला आणि यंत्राचं बटण चाचपलं. "सी, काय?"